पालीच्या शिबिरात उधळ्या पुत्राला उशीर झाला

ठणकावून सांगतो, मी एकदा सोंग काढलं की ते खोटं आहे म्हणायची कुणाची बिशाद नाही! उभा जन्म एसटीत कंडक्टर होतो. खचाखच भरलेल्या गाडीत "पुढं सरका, पुढं लई जागा हाय!" हे मी इतक्या कळकळीनं म्हणायचो की लोक खरंच पुढं सरकायचे! त्यामुळं आमच्या चर्चच्या मंडळीतल्या ज्येष्ठांनी पालीच्या शिबिरात उधळ्या पुत्राचं नाटक करायचं ठरवलं, तेव्हा उधळा पुत्र कोण हा प्रश्नच नव्हता. मीच! वय सदुसष्ट, जिना चढताना गुडघे वाजतात. म्हणून काय झालं?

"भारतभाऊ, धाकटा मुलगा हाय त्यो," सत्यशीलाबाई म्हणाल्या. बाई निवृत्त नर्स, बोलणं इंजेक्शनच्या सुईसारखं. "तुमी त्याचे आजोबा दिसाल!"

"बाई, लोक तोंड बघत न्हाईत, काम बघतात!"

"बरं. आन बाप कोण?"

"शांतवन मामा," मी म्हणालो, आणि लगेच दुसरीकडं बघितलं.

ज्यांना गोष्ट ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. येशूनं सांगितलेला दाखला आहे. धाकटा मुलगा बापाकडून आपला हिस्सा मागून घेतो, परमुलखात जाऊन सगळा उडवतो, शेवटी डुकरं राखायची पाळी येते. मग मान खाली घालून घरी निघतो. बाप त्याला लांबूनच बघतो, धावत जातो आणि त्याच्या गळ्यात पडतो. अंगावर झगा, बोटात अंगठी, मेजवानी! तिथं आमचा पडदा पडायचा होता.

आता खरं सांगू? नाटक गेलं उडत. मला ती मिठी पाहिजे होती.

त्याचं असं झालं. मी निवृत्त झालो आणि त्याच वर्षी बायको गेली. मी दार लावून घेतलं आणि टीव्हीसमोर पडून राहिलो. काय लागलंय तेही बघत नव्हतो. शांतवन मामा आमच्या मंडळीतले सगळ्यात वडीलधारे, मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. ते एका गुरुवारी फडक्यात गुंडाळलेलं बायबल घेऊन ओट्यावर येऊन बसले. "कंडक्टर, मला दिसत न्हाई रे. एवढा एक अध्याय वाचून दाखव, मी जातो." मी वैतागून तिकिटं फाडल्यासारखा फाडफाड वाचला. पुढच्या गुरुवारी परत हजर! होता होता मी गुरुवारची वाट बघायला लागलो. दाढी करायला लागलो. मग मामांनी सत्यशीलाबाईंना आणलं, आणखी चौघं आली, आणि माझ्याच घरात बायबलचा शास्त्राभ्यास सुरू झाला. जिथं मी मरणाची वाट बघत पडलो होतो, तिथं गुरुवारी चपला ठेवायला जागा पुरेना!

हे मी मामांना कधी बोलून दाखवलं का? छे! आमच्यात बाप्या माणसानं बाप्या माणसाला 'तुमी होतात म्हणून मी वाचलो' असं म्हणायची रीत नाही. जीभच वळत नाही. आणि आता मामा कायमचे पुण्याला, मुलीकडं निघाले होते. शिबिर संपलं की मुलगी पालीहूनच त्यांना घेऊन जाणार होती. म्हणून मी ही शक्कल काढली. उधळ्या पुत्राच्या तोंडानं सगळं बोलून घ्यायचं, मामांच्या गळ्यात पडून पोटभर रडून घ्यायचं, आणि कुणी विचारलंच तर 'अभिनय होता' म्हणून हात झटकायचे. बेत फक्कड होता की नाही?

शिबिर बीडजवळ, पालीच्या धरणाच्या अलीकडं, मंडळीतल्याच एकाच्या शेतात, पत्र्याच्या शेडमध्ये. दोन दिवस वचनं झाली, गाणी झाली, देवानं कुणाला कसं तारलं त्याच्या साक्षी झाल्या. दुसऱ्या दिवशी दुपार कलली तशी मी तयार झालो. फाटकं बनियन, गुडघ्यापर्यंत धोतर, तोंडाला तव्याची काजळी, डोक्यात कडब्याचा भुगा.

"शेडच्या मागं उभं राहा आन हार्मोनियम वाजली की या," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

"मागून कावून येऊ? बापानं लांबून बघितलं असं लिहिलंय! मी त्या विहिरीपासून चालत येतो."

"निदान मोबाईल तरी घ्या!"

"उधळ्या पुत्राकडं मोबाईल? बाई, काय बोलता!"

तर मी मोबाईल, आधारकार्ड, सगळं शर्टाच्या खिशात शेडमध्येच ठेवून दोन शेतं ओलांडून गेलो आणि विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीमागं जाऊन बसलो. वेळ होता, म्हटलं एकदा तालीम करून घ्यावी. छाती भरून श्वास घेतला आणि सुरू केलं, "चुकलो! समदं इकलं, समदं उडवलं! आता कुठल्या तोंडानं जाऊ?"

"आदी ठाण्यात जाऊ!" मागून आवाज आला.

वळून बघतो तर फावडं घेतलेला एक दांडगा गडी! नाव बजरंग. विहीर त्याची, मोटार त्याची, आणि चोरांनी मोटारीची केबल दोनदा कापून नेलेली. गडी तेव्हापासून दबा धरून होता, आणि त्याला आयता कबुलीजबाब मिळाला.

"काय काय इकलं बे?"

"अहो, ते माझ्या बापाचं!"

"केबल माझी आन बाप तुझा व्हय?"

"मी उधळा पुत्र हाय हो!"

"ते दिसतंयच. बाप कुठंय?"

"त्या शेडात. शांतवन मामा."

"बाप का मामा, एक काय ते ठरव! वय काय त्येंचं?"

"चौऱ्याऐंशी."

"आन तुझं?"

"सदुसष्ट."

बजरंगनं बोटं मोजली. मग फावडं जमिनीवर आपटलं. "सतराव्या वर्षी बाप? मला येडं समजतो का बे!"

झालं! मला मोटारीच्या खोलीत ढकलून बाहेरून कडी. सरपंचाला फोन. सरपंच चकलांब्याला लग्नाला गेलेले. "येऊस्तोवर बस गपचिप," बजरंग बाहेरून म्हणाला. आणि तेवढ्यात शेडकडून हार्मोनियम वाजायला लागली!

"सोडा हो! माझी एन्ट्री हाय!" मी दार बडवलं.

"ठाण्यातच करू एन्ट्री!"

मी हातापाया पडलो, नाटकाचं सांगितलं, मंडळीचं सांगितलं, कंडक्टर होतो ते सांगितलं. "बिल्ला दाखव," म्हणाला. बिल्ला कुठून आणू? तिकडं गाणं चाललेलं. दोन कडवी झाली. मामा आता विहिरीच्या वाटेकडं तोंड करून काठी टेकत उभे असतील. माझा जीव तीळतीळ तुटत होता. आणि मग एकदम टाळ्या! मी आत कोंडलेला आणि तिकडं टाळ्यांचा कडकडाट! अहो, कुणासाठी?

बराच वेळ गेला. मग कडी निघाली. दारात बजरंग, आणि त्याच्याबरोबर चाळिशीतला एक माणूस. अंगावर शाल. बोटात अंगठी. आमच्या नाटकातली शाल! आमच्या नाटकातली अंगठी!

"वाहेदभाई, ह्यो बघ चोर," बजरंग म्हणाला.

वाहेदनं मला निरखलं आणि कपाळावर हात मारला. "अरे बजरंगभाऊ, चोर कसले? हे त्या नाटकातले! तिकडं समदे ह्यांनाच हुडकायलेत!"

वाहेद बीडचा फळवाला. बजरंगची सीताफळं न्यायला आला होता. वाटेत गाडीचं चाक पंक्चर झालं. शेडमध्ये माणसं दिसली, म्हणून हवेचा पंप मागायला हा पायीच शेतातून निघाला. नेमका माझ्या वाटेनं, नेमका माझ्या वेळेला!

"काय सांगू चाचा," तो मला म्हणाला, "एक बुजुर्ग काठी टाकून धावत आले आन माझ्या गळ्यातच पडले! मी म्हणलो, मी वाहेद, फळवाला हाय. पर ते सोडंनात. पाठीवरून हात फिरवायले, रडायले. लोकं टाळ्या वाजवायले. मग मलाबी रडू आलं. अब्बा गेले तवापासून असं कुणी धरलंच नव्हतं मला. मग शाल घातली, अंगठी घातली, जेवायला बसवलं. मटण तर आमच्याच गल्लीतल्या दुकानाचं निघालं! दोनदा वाढून घेतलं."

 माझी मिठी! माझी शाल! माझं मटण! बजरंग बिचारा ओशाळून हात जोडत होता, पण माझं लक्षच नव्हतं.

वाहेदनं चाकात हवा भरून घेतलेल्या त्याच्या गाडीतून मला शेडपर्यंत सोडलं. शाल आणि अंगठी परत करायला लागला, तर मामांनीच दिलंय, ठेव, असं मी फणकाऱ्यानं म्हणालो. तो गेला. मी आत गेलो नाही. पाण्याच्या टाकीपाशी दगडावर बसून राहिलो.

"भारतभाऊ, कुठं गेलता? चला, जेवण झाकून ठेवलंय," सत्यशीलाबाई दारातून म्हणाल्या.

"मला भूक न्हाई!"

मग मामा आले. काठी टेकत, चाचपडत. "कंडक्टर, आत चल बाबा."

आणि माझा तोल गेला. "कावून येऊ? तुमाला पोरगा भेटला की! दर गुरुवारी अध्याय मी वाचले, चहा मी केला, समद्यांच्या चपला मी सरळ लावल्या! मला कधी जवळ घेतलंत का? आन त्यो पंक्चर गाडीवाला आला तर शाल! अंगठी! मटण!"

शेडमधली सगळी दारात गोळा झाली. आणि मग पुन्हा टाळ्या!

"वा, भारतभाऊ, वा!" आमच्या चर्चचे पाळकसाहेब ओरडले. "पुढचा भागसुद्धा बसवला होता? आम्हाला कळूसुद्धा दिलं नाही!"

मला काही कळेना. मग डोक्यात प्रकाश पडला आणि काजळीखाली माझे कान तापले. दाखल्यात पुढं थोरला मुलगा आहे. तो शेतातून येतो, घरात गाणंबजावणं ऐकतो, धाकट्यासाठी मेजवानी चाललीय म्हटल्यावर रुसतो आणि बाहेरच उभा राहतो. मग बापच बाहेर येऊन त्याची मनधरणी करतो. वेळ पुरणार नाही म्हणून तो भाग आम्ही गाळला होता. तो मी एकट्यानं, बिनतालमीचा, अख्ख्या मंडळीसमोर करून दाखवला!

मामा हसले नाहीत. त्यांनी हात पुढं केला. तो नेम चुकून माझ्या थोडा बाजूलाच आला.

"मला काय दिसतंय रे? माणूस येताना दिसला, वाटलं तूच. गळ्यात पडल्यावर कळलं की तू न्हाईस. पर मग सोडावं कसं? त्यो रडायला लागला होता. आता तू आलास न्हवं? ये."

एक पाऊल! एवढंच अंतर होतं हो. सदुसष्ट वर्षांचा बाप्या मी, आणि सगळे बघतायत, आणि सगळ्यांना वाटतंय नाटक चाललंय. मी टाकीच्या तोटीकडं बघत बसलो. उठलो नाही.

गाडीचा हॉर्न वाजला. मामांची मुलगी आली होती. "बाबा, अंधार पडायच्या आत हायवेला लागू." मामा आणखी थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग मुलीनं त्यांचा तो हात धरला आणि त्यांना गाडीत बसवलं.

गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा माझं डोकं ठिकाणावर आलं. मी उठलो आणि धावत सुटलो! फाटकं बनियन, तोंडाला काजळी, डोक्यात भुगा, आणि "थांबा! मामा, थांबा!" ड्रायव्हरनं माझ्याकडं बघितलं, भिकारी समजून काच वर केली आणि गाडी पळवली. पालीची कुत्री तेवढी माझ्याबरोबर धावली.

नंतरचे कितीतरी गुरुवार आले आणि गेले. शास्त्राभ्यास चालू आहे. सत्यशीलाबाई दर वेळी विचारतात, "मामांना फोन केला का?" आणि मी दर वेळी म्हणतो, "करतो की!" गेल्या आठवड्यात शेवटी केला. काय बोलायचं ते घोकून ठेवलं होतं. पण तिकडून मामांचा "हॅलो" आला आणि घोकलेलं सगळं पळालं.  तोंडातून, माझा मलाच ओळखू न येणाऱ्या आवाजात, उधळ्या पुत्राचंच वाक्य बाहेर पडलं, "बाबा, चुकलो मी."

"आं? वाहेद?" मामा म्हणाले. "परत तेच! अरे, कालच बोललो ना आपण? तू काय मुद्दाम आलतास का त्याच्या जागी? आन त्या कंडक्टरचं मनाला लावून घेऊ नगस. त्यो तुझ्यावर न्हाई, माझ्यावर रुसलाय. मनानं लई मऊ हाय त्यो. करील एक दिवस फोन, मी वाट बघतोय. तू जेवलास का बाळा?"

मामा, मीच तो, असं म्हणायचं होतं. ओठांपर्यंत आलं होतं.

"हो बाबा," मी म्हणालो, "जेवलो." आणि फोन ठेवला.

तेही खोटंच. भात अजून कुकरातच होता.