सुलतानाचा मिस्त्री

पिवळा शर्ट घालून हमीदचाचाच्या गॅरेजात गेलात तर तुमची गाडी दुरुस्त होणार नाही. आधीच सांगून ठेवते. मागं एक नवरदेव हळदीच्या कुर्त्यावरच आला. बिचाऱ्याची मोटारसायकल नेमकी तेलगाव फाट्यावर बंद पडलेली, तिकडं मांडवात सगळे खोळंबलेले, आणि चाचा पाना खाली ठेवून शांतपणे म्हणतो, "पिवळा रंग सुलतानाचा हाय. दुसऱ्यानं घालायचा न्हाई." शेवटी त्या पोरानं चाचाचाच ऑइलनं माखलेला शर्ट वरून चढवला, तेव्हा कुठं प्लग साफ झाला. तसाच मांडवात गेला म्हणतात.

हा सुलतान कोण, तर मलेशियातल्या एका राज्याचा. चाचा ऐन उमेदीत तिकडं गेला आणि त्या सुलतानाच्या महालातल्या जुन्या मोटारींचा मिस्त्री म्हणून केस पिकेपर्यंत राहिला. परत आला तो फाट्यावर, माझ्या दुकानाशेजारी पत्र्याचं गॅरेज टाकून बसला. मी शकुंतला. ब्लाउज शिवते, पिको-फॉल करते. आमच्या दोन दुकानांच्या मध्ये एक पत्रा आहे, तोही गंजलेला. त्यामुळं सुलतानाचं अख्खं चरित्र मला न मागता पाठ झालंय.

तरुणपणी तो परदेशात शिकायला होता. बाप गेला, तसा परत आला. महालात नौबत वाजली आणि तो सुलतान झाला. "नौबत वाजल्याबगर सुलतान होत न्हाई, ताई. निसतं बापाच्या पोटी येऊन भागत न्हाई." नौबत हे काही मला नवीन नाही, आमच्याकडं दर्ग्यातही झडते, देवळातही झडते. पण चाचा ती सांगताना स्टूलावर पाना आपटून वाजवून दाखवतो, आणि माझ्या बॉबिनचा दोरा तुटतो.

बरं, सुलतान झाला म्हणून त्यानं काय केलं? तर काही नाही! सरकार निवडून आलेलं. कायदा त्यांनी करायचा, सही यानं करायची. सभागृहाचं अधिवेशन सुरू करायला जायचं, तर भाषणसुद्धा सरकारनं लिहून दिलेलं. वर आणखी एक गंमत. तिकडं असे नऊ सुलतान आहेत आणि अख्ख्या देशाचा राजा त्यांच्यातूनच, पाच-पाच वर्षांच्या पाळीनं. मी एकदा वैतागून म्हटलं, "चाचा, पाळी लावून नळाचं पाणी भरतात, राज्य नाही करत. हुकूम चालत नाही तर तो राजा कशाचा?"

"त्येच तर!" चाचा खूश झाला. "राजा असावा, पर त्याचा हुकूम चालू नये. मंग त्याचं डोकं ठिकानावर ऱ्हातं."

तिकडची ही राज्यघटना चाचाच्या डोक्यात इतकी भिनलेली की उठताबसता त्याचं एकच पालुपद, "घटनेत बसतंय का?" चहावाल्यानं अर्धाच कप भरला, "घटनेत बसतंय का?" मी त्याचं स्टूल न विचारता उचललं, "ताई, घटनेत बसतंय का?" एका साहेबानं गाडी दुरुस्त करून घेतली आणि पैसे न देताच किक मारून निघाला, तर चाचा हँडल धरून उभा. "साहेब, घटनेत बसतंय का?" साहेबाला पैसे मोजून ते घटनेत बसवावं लागलं.

पण चाचाचं खरं भांडण होतं ते नानाशी. नाना म्हणजे आमच्या भागातले पुढारी. 'मनाचा राजा, जनतेचा नाना' असे फलक सगळीकडं. चाचा रोज सकाळी शटर उघडायच्या आधी समोरच्या फलकाकडं बघून कपाळाला आठ्या घालायचा. "सुलतानाचा फोटू तिकडं कचेरीत असतोय, भितीला, गपगुमान. ह्येचा डांबावर, झाडावर, मुतारीवर बी!" नानाची गाडी फाट्यावरून जायची तेव्हा सगळे दुकानदार उठून नमस्कार घालायचे. मीही घालायचे, कशाला खोटं बोलू. नानाच्या घरचे ब्लाउज माझ्याकडंच असतात. चाचा मात्र स्टूलावर ढिम्म. नानाच्या माणसांनी हटकलं तर म्हणाला, "मी खऱ्या सुलतानाफुडं उभा ऱ्हायलोय. त्यो मला म्हनायचा, बस. आन् ह्यो बसलेल्याला उठवतोय व्हय?"

आता, गॅरेजची जागा नानाची. तरी चाचाला कुणी हात लावत नव्हतं, कारण नानाच्या वडिलांच्या वेळची एक उघडी जीप होती, तिच्यातूनच नानाची मिरवणूक निघायची, आणि ती जीप चाचाशिवाय कुणाचं ऐकत नव्हती. माजलगावच्या मोठ्या गॅरेजवाल्यांनीही हात टेकले होते.

एवढा तोंडाळ माणूस, पण घरी एकटा. मुलगा पुण्याला कंपनीत. बायको झुबेदा, चाचा तिकडं असतानाच इथं गेली. तिच्याबद्दल त्याच्या तोंडून कधी अवाक्षर ऐकलं नाही. सुलतानाचं मात्र दिवसभर सांगायचा, आणि मला वाटायचं, मेल्याला माणसांपेक्षा राजाच जवळचा.

परवाच्या हिवाळ्यातली गोष्ट. मी नुकतं दुकान झाडत होते. चाचा आला, हातात काळी टोपी. म्हणाला, "ताई, हिला पांढरी पट्टी मारून द्या. गोल, समद्या बाजूनं." तिकडच्या जुन्या सोबत्याचा फोन आला होता. सुलतान गेला. सुलतान गेला की तिकडची माणसं काळ्या टोपीला पांढरी पट्टी लावतात. मी अस्तराच्या कापडातली पट्टी काढली, धावदोरा घातला आणि तोंडात सुई धरून म्हटलं, "मग आता कुणाची पाळी?" चाचा हसला नाही. टोपी घातली, बाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसला. गॅरेज उघडलंच नाही.

आणि नेमका तो नानाचा वाढदिवस.

दुपारी दोघं जण जीप ढकलत घेऊन आले. घामाघूम. "चाचा, बघा की जरा, चालूच होईना. सांजच्याला मिरवनूक हाय."

"आज गॅरेज बंद."

"कावून?"

"सुलतान वारला."

"कोन सुलतान?"

"मलेशियाचा."

दोघं एकमेकांकडं बघून असे हसले की एकाला ठसकाच लागला. मग दुसऱ्याचा आवाज चढला. "येड लागलं का तुमाला? जागा नानाची हाय, ध्यानात हाय न्हवं? जीप चालू झाली न्हाई, तर ह्ये पत्र्याचं खोकं हितं दिसनार न्हाई."

"जागा नानाची," चाचा म्हणाला. "हात माजे हायत."

ते जीप तिथंच सोडून, शिव्या देत गेले. मी कात्री हातात घेऊनच बाहेर आले. माझं डोकं फिरलं होतं. "चाचा, एक प्लग साफ करायचा आणि मोकळं व्हायचं! या वयात कुठं जाणार आहात पान्यांची पेटी घेऊन? असा कोण लागून गेला तो तुमचा? महालात पन्नास नोकर असतील. त्याला तुमचं नाव तरी ठाऊक होतं का?"

चाचानं टोपी नीट केली. मग माझ्याकडं न बघता बोलायला लागला.

"झुबेदा गेल्याचा सांगावा आला तवा मी गाडीखाली हुतो. हिकडं त्याच दिवशी माती झाली. मी कवा पोचनार? मंग वर उठलोच न्हाई. तितंच पडून पाना फिरवत ऱ्हायलो. सुलतान गाडी बघाया आला. त्याला निसते माजे पाय दिसले. म्हनला, ह्या मानसाचे पाय कावून थरथरतेत? कुनीतरी सांगितलं."

समोरून उसाचा ट्रॅक्टर गेला. त्याचा आवाज जाईपर्यंत चाचा थांबला.

"ताई, अख्ख्या मुलखात त्या मानसाला एक हुकूम सोडता येत न्हवता. समदं सरकार सांगनार, ह्यो सही करनार. पर गॅरेज त्याचं सोताचं हुतं. त्यानं हुकूम सोडला. आज गॅरेज बंद, ह्याच्या बायकोसाठी. आन् सोताच्या हातानं दार वढून घेतलं. मला म्हनला, बस. सोता बी बसला, भुईवर. माज्या झुबेदाला ह्या गावात तरी किती लोक वळखत हुते? तिच्यासाठी एका सुलतानानं दिसभर दार लावलं. आन् त्यो गेल्याच्या दिशी मी माजं उघडू?"

मला रडू आलं. लपवत नाही. इतकी वर्षं पत्र्याच्या अलीकडून मी त्याची टिंगल केली, आणि हा माणूस दिवसभर सुलतान-सुलतान करत आपल्या बायकोलाच आठवत होता. ते मला कळलं नाही, याचा मला रागच आला, माझाच. मी आत गेले. मशीनवर नानाच्या मालकिणीचा मिरवणुकीचा ब्लाउज होता, एक बाही लागलेली, दुसरी लागायची. तसाच राहू दिला. बाहेर आले, शटर ओढलं, कुलूप घातलं आणि चाचाशेजारी बाकड्यावर बसले.

पुढचं आधीच सांगून टाकते. महिन्याच्या आत नानाच्या माणसांनी गॅरेज खाली करून घेतलं. धमकी काही पोकळ नव्हती. चाचा आता माझ्या दुकानापुढच्या ओट्यावर गाड्या दुरुस्त करतो. माझ्या गिऱ्हाइकांच्या साड्यांना ग्रीस लागतं, त्या ओरडतात, मी त्यांना दुसरीकडं जा म्हणते. नानाच्या घरचे ब्लाउज त्या दिवसापासून बंद झाले. झाले तर झाले.

पण त्या संध्याकाळी मिरवणूक निघाली. नानाची माणसं जीप परत ढकलत घेऊन गेली होती, पण ती काही केल्या चालू झाली नव्हती, म्हणून तिला दोर लावून उसाचा ट्रॅक्टर ओढत होता. मागं जीपमध्ये नाना, हारात बुडालेले, हात जोडून उभे. ट्रॅक्टरनं हिसका दिला की ते मागं जायचे, थांबला की पुढं यायचे. चाचा हळूच म्हणाला, "बघा ताई, झाला का न्हाई घटनेतला राजा? गाडी ह्येची, वढतंय दुसरंच."

फाट्यावर मिरवणूक थांबली. सगळ्या दुकानांवर रोषणाई, आणि मध्ये आमची दोनच शटरं खाली. नानाचं लक्ष गेलं. चाचाकडं त्यांनी बघितलंच नाही. माझ्याकडं बघितलं आणि हातानं वाजप बंद करायला सांगितलं.

"शकुंतलाबाई, तुमचं बी बंद? आज?" गर्दीसमोर गोड आवाज काढून नाना म्हणाले. "घरात काय वाईट-वंगाळ झालं का?"

मी उठले नाही. बसूनच सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"हो, नाना. आमचा सुलतान वारला."