शलाकेची फी आणि बिबट्याचा सुळा

एका जंगलात सगळ्यांना दात होते, आणि दात होते म्हणून दातदुखीही होती. ज्यांना दात नव्हते त्यांना चोच होती, आणि ते दुसऱ्यांच्या दातांबद्दल बोलत.

बाळांनो, या जंगलात पैसे नव्हते. हसू नका. जो तो आपल्या अंगचं काहीतरी देई. मोर पिसं देई, अस्वल केस देई, साळिंदर काटे देई. पीस काय, केस काय आणि काटा काय, उपटताना दुखायचंच. त्यामुळे उगाच खर्च कुणी करत नसे. मुलांचं शिक्षण सोडून.

याच जंगलात काटेराव साळिंदर राहत होते. त्यांच्या अंगावर साडेचारशे काटे होते आणि तेवढीच त्यांची इस्टेट होती. त्यांच्या बायकोचे, म्हणजे साळूबाईंचे काटे थोरल्या मुलीच्या लग्नात गेले होते. ते आता कुठं बोटभर उगवले होते. आणि लेकीच्या अंगचा काटा कशालाही काढायचा नाही, असा त्या घरचा नियम होता.

काटा म्हणजे नुसती इस्टेट नव्हती. बिबट्या समोर आला की काटेराव पाठ फिरवत आणि अंग फुलवत. मग बिबट्या म्हणे, "सहज फिरायला निघालो होतो." आणि निघून जाई. घर सुखी होतं ते एवढ्यावर.

त्यांची धाकटी मुलगी शलाका. तिला लहानपणापासून दातांचं वेड. बाहुल्या सोडून ती आजोबांचा जबडा उघडून बसायची. मोठी झाल्यावर तिनं दातांच्या डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा दिली आणि ती चांगल्या मार्कांनी पास झाली. घरात मधाचं पोळं आलं. साळूबाईंनी शेजारी वाटलं. मग सगळे बसले आणि खरा प्रश्न निघाला. कुठं घालायचं?

जंगलात दातांची दोन कॉलेजं होती. एक पांढऱ्या टेकडीवर. फी चारशे काटे. दुसरं डोहाच्या काठी. फी चाळीस काटे.

"चाळीस आहेतच की," काटेराव म्हणाले. "शेपटीवरचे काढले तरी भागेल."

तरी बघून यावं म्हणून बापलेक निघाले.

टेकडीवरच्या कॉलेजला दोन हस्तिदंतांची कमान होती. आत चकचकीत दालन, आणि दालनात बावन्न दगडी जबडे ओळीनं मांडलेले. जबड्यांची तोंडं सज्जाकडे होती, म्हणजे सज्जात उभ्या राहणाऱ्या पालकांना दात नीट दिसावेत. विद्यार्थी मागच्या बाजूनं हात घालून शिकत होते. एक बगळा सगळं दाखवत होता.

"पेशंट कुठं आहेत?" शलाकेनं विचारलं.

"पेशंट?" बगळ्यानं मान वाकडी केली. "इथं? अहो, फरशी खराब होते. शेवटच्या वर्षी एक ससा आणतात. लांबून दाखवतात."

काटेरावांना फरशी फार आवडली.

मग दोघं डोहावर गेले. तिथं चिखल होता आणि रांग होती. रांगेत रानडुक्कर, दोन वानरं, एक कण्हणारं तरस. प्रमुख होत्या कासवबाई. त्यांच्या तोंडात एकही दात नव्हता, त्यामुळे कुणाच्याच दाताबद्दल त्यांचं मत आधीपासून वाईट नव्हतं. एक उदमांजर तरसाच्या जबड्यात कोपरापर्यंत हात घालून उभं होतं.

"त्याचा उजवा, म्हणजे तुझ्या डाव्या हाताला!" कासवबाई ओरडल्या. "पेशंट तुझ्याकडे तोंड करून बसलाय ना? रोज सांगायचं का हे?"

उदमांजरानं हात बदलला. दात निघाला. तरस हसलं, पण तरस तसंही हसतंच.

शलाकेचे डोळे चमकले. "बाबा, मला इथंच यायचंय."

"येशील की," काटेराव म्हणाले आणि पायाचा चिखल गवताला पुसू लागले.

बाळांनो, गोष्ट इथंच संपायला हरकत नव्हती. पण त्याच आठवड्यात शेजारच्या मुंगसांकडे बारसं होतं.

बारशाला अख्खं जंगल आलेलं. पाळणा हलला, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. मग पंगतीची वेळ झाली आणि मुंगसेकाकूंनी हसतमुखानं विचारलं, "काय भाऊजी, शलाकेला कुठं घालताय?"

"डोहावर," काटेराव म्हणाले.

अचानक सगळ्यांना हातातल्या घुगऱ्या चावायचं आठवलं. मग एक म्हातारी घोरपड मायेनं म्हणाली, "असू दे हो. तिथंही शिकवतात म्हणे."

ते "म्हणे" काटेरावांना लागलं. साडेचारशे काटे अंगावर असून लागलं.

इतक्यात काकूंनी हाक दिली, "टेकडीवाल्यांचे आईवडील पहिल्या पंगतीला या!" धनेशराव उठले. त्यांचा मुलगा टेकडीवर होता. फीपायी धनेशरावांच्या शेपटीचं एकूण एक पीस गेलं होतं, आणि आता ते उडताना झाडांवर आपटत. पण चोच अशी वर होती, की हे आपटणं गेलेल्या शेपटीमुळे की वर केलेल्या चोचीमुळे, हे सांगणं कठीण होतं. ते जाऊन पहिल्या पानावर बसले. काटेराव दुसऱ्या पंगतीची वाट बघत उभे राहिले. तोवर बासुंदी संपली.

दुसऱ्या दिवशी ते सरडेसरांकडे गेले. सरडेसर प्रवेशाचं मार्गदर्शन करत. त्यांनी आधी डोहाची माहिती दिली, तेव्हा ते चिखलाच्या रंगाचे होते. मग टेकडीची माहिती देता देता पांढरेशुभ्र झाले.

"शिक्षण काय, दोन्हीकडे दातांचंच आहे," सरडेसर म्हणाले. "पण पाटीवर काय लिहिणार? पेशंट पाटी वाचतो, काटेराव. शेवटी घराण्याचा प्रश्न आहे."

काटेराव घरी आले आणि म्हणाले, "टेकडी."

"अहो, वेड लागलं का?" साळूबाई म्हणाल्या. "चारशे काटे गेल्यावर अंगावर राहील काय?"

"पन्नास राहतील."

"बाबा, मला डोहावरच जायचंय," शलाका म्हणाली. "तिथं खरे दात आहेत. आणि तुम्ही उघडे पडलात आणि बिबट्या आला तर?"

"तुझी डिग्री पुढं करीन," काटेराव म्हणाले.

शलाका रडली. तिला डोह हवा होता, आणि त्याहून जास्त बाबा हवे होते. पण बापाच्या डोळ्यांपुढं ती बासुंदी होती. चार दिवस ते बाभळीखाली बसून एकेक काटा उपटत होते. एकदाही "आई गं" म्हणाले नाहीत. शलाकेला ते जास्त लागलं.

पाच वर्षं गेली. ती वर्षं काटेरावांनी घरातच काढली. बाहेर पडलेच तर पळसाच्या पानांचा अंगरखा घालून, आणि तेही बारशांपुरतं. आता ते पहिल्या पंगतीला बसत. धनेशरावांशी त्यांची मैत्री झाली. दोघांना एकमेकांचं दुःख माहीत होतं आणि दोघंही बासुंदीबद्दल बोलत.

शलाका डॉक्टर होऊन आली. सालीवर कोरलेली एवढी मोठी डिग्री दोघांनी धरून आणावी लागली. दारावर पाटी लागली: "डॉ. शलाका काटेराव साळिंदर, पांढरी टेकडी." शेवटचे दोन शब्द बाकीच्यांपेक्षा मोठे होते. ते काटेरावांनी सांगून मोठे करून घेतले होते.

तिसऱ्या दिवशी दारात बिबट्या उभा राहिला.

काटेराव अंगणात होते. सवयीनं त्यांनी पाठ फिरवली आणि अंग फुलवलं. पळसाची दोन पानं गळाली. बस्, एवढंच झालं. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि त्यांना पहिल्यांदाच खरंखुरं वाटलं, की आपण चुकलो.

"डॉक्टर आहेत का?" बिबट्या कण्हत म्हणाला. "उजवा सुळा ठणकतोय. जेवण बंद आहे. सगळे म्हणाले डोहावर जा, तिथं लगेच होतं. म्हटलं, छे! आमच्या घराण्यात चिखलात जाऊन तोंड उघडायची पद्धत नाही."

शलाका बाहेर आली. बावन्न जबडे तिनं हाताळले होते. पण त्यातल्या एकालाही श्वास नव्हता, जीभ नव्हती आणि भूक नव्हती. बिबट्यानं तिच्यासमोर बसून आ केला. तिला बाबांची उघडी पाठ दिसली. इथं हात हलला तर संपलंच, हे तिला कळलं. तिनं चिमटा धरला, टेकडीवर शिकवलं होतं तसा आपल्या उजव्या हाताचा सुळा पकडला आणि सगळा जोर लावून ओढला.

सुळा निघाला. पांढरा, टणक, निरोगी. कुठं किडीचा ठिपका नाही.

तेव्हा शलाकेच्या ध्यानात आलं. टेकडीवर जबडे पाठमोरे असत. तिथं त्याचा उजवा तो आपला उजवा. इथं पेशंट समोर तोंड करून बसला होता.

बिबट्यानं तोंडावरून पंजा फिरवला. तो जरा घुटमळला. मग त्याची नजर पाटीवर गेली.

"वा!" तो म्हणाला. "काय हात आहे! ठणका अजून आहे म्हणा, पण आता तो वरच्या दर्जाचा वाटतो."

त्यानं फी म्हणून मिशीचे सात केस उपटून दिले आणि अदबीनं मान लववून गेला.

तो दिसेनासा झाल्यावर शलाका खाली बसली. "बाबा, मी चुकीचा दात काढला."

"हळू बोल," काटेराव म्हणाले. "शेजारी ऐकतील."

मग ते तिच्याजवळ बसले. त्यांनी शेपटी पुढं घेतली. तिथं शेवटचे पन्नास काटे होते. त्यातले चाळीस त्यांनी मोजून काढले आणि लेकीच्या हातात ठेवले. "डोहावर जा," ते म्हणाले. "आधीच जायला हवं होतंस. माझं चुकलं गं, शलाके."

ते असं आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले होते. शलाकेनं बापाच्या उघड्या पाठीवर डोकं टेकलं. पाच वर्षांपूर्वी ते टेकता आलं नसतं.

डोहावर कासवबाईंनी तिला आपादमस्तक बघितलं. "पांढरी टेकडी ना? मागच्या दारानं या. तुमची वेगळी बॅच असते, दुपारी, जंगल झोपलेलं असतं तेव्हा. सहा महिने. फी चाळीस काटे."

मागच्या अंगणात चौदा जण चिखलात बसले होते. सगळे टेकडीचे. पहिल्या ओळीत धनेशरावांचा मुलगा होता. त्यानं शलाकेला बघून न बघितल्यासारखं केलं. मग एक दात रानडुकराच्या तोंडातून काढून दाखवला आणि ओळख दिली.

सहा महिन्यांत शलाका न घाबरता दात काढायला शिकली. डाव्या हाताचा उजवा कुठला, हे झोपेतसुद्धा सांगू लागली. आणि ती शिकून घरी बसते न बसते तोच बिबट्या पुन्हा आला. तो वाळला होता. सहा महिने एका किडक्या सुळ्यावर पाली आणि बेडूक खाऊन राहिला होता.

"डॉक्टर, आता दुसराही ठणकतोय," तो म्हणाला.

शलाकेनं या खेपेला बरोबर सुळा धरला. बिबट्याला कळलंही नाही आणि दात हातात आला. पण तिचं मन तिला खात होतं. "बिबटेसाहेब, एक सांगायचंय. मागच्या वेळी मी जो..."

"डॉक्टर!" बिबट्यानं पंजा वर केला. "पुढं बोलू नका. माझ्या सासुरवाडीला मी सांगून बसलोय, की माझा दात टेकडीच्या डॉक्टरांनी काढलाय. मेहुणा चार दिवस जेवला नाही."

आणि मिशीचे उरलेले केस देऊन तो गेला. आता त्याला सुळेही नव्हते आणि मिशाही. त्या दिवसापासून त्यानं साळिंदर सोडाच, बेडूकही खाल्ला नाही; पिकलेलं जांभूळ तेवढं खाल्लं. काटेराव उघड्या अंगानं जंगलभर हिंडू लागले. लेकीची डिग्री पुढं करीन म्हणाले होते, ते असं खरं झालं.

त्या पावसाळ्यात मुंगसेकाकू घाईघाईनं आल्या. मुंगसं भराभर वाढतात, त्यामुळे त्यांची बारशातली बाळी आता मोठी झाली होती आणि तिलाही दातांचं वेड लागलं होतं.

"भाऊजी, खरं सांगा," त्या म्हणाल्या. "कुठं घालू तिला? तुमच्याएवढा अनुभव कुणाला आहे?"

काटेरावांनी आपल्या पाठीवरून हात फिरवला. तिथं नवे काटे नुकतेच टोचू लागले होते. त्यांनी खिडकीतून बघितलं. ऐन दुपार होती, आणि शलाका कासवबाईंना मदत करायला डोहाकडे निघाली होती, मागच्या वाटेनं. खरं बोलायला एवढी सोपी वेळ पुन्हा आली नसती. मग त्यांना दारावरची पाटी दिसली. पुढच्या आठवड्यातलं धनेशांकडचं बारसं आठवलं.

"टेकडी, वहिनी," ते म्हणाले. "दुसरा विचारच करू नका."

तात्पर्य: मुलांनो, कॉलेज निवडताना नेहमी महागातलं महाग निवडावं. शिकायचंच असेल, तर नंतर डोह आहेच.