मॅलकी ओग म्हणजे नेमका कोण?

फर्गल मलव्ही मास्तरांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिसरा कागद फाडला, तेव्हा त्यांची बायको ऊना म्हणाली, "पंधरा नावं लिहायला एवढा घाम?"

"चौदा लिहून झालीत गं. तीन नंबरपाशी पेन अडतं."

किलब्रॅक या आयरिश गावाच्या गॅलिक फुटबॉल संघाची निवड मास्तरांकडे होती. रविवारी ड्रमीन गावाशी सामना होता आणि हरलं की संघ खालच्या गटात जाणार होता. तीन नंबर म्हणजे गोलच्या पुढ्यातला फुलबॅक. तिथे गेली एकोणीस वर्षं मॅलकी केरिगन उभा होता. त्याला ओलांडून कुणी पुढे जात नसे, म्हणून गाव त्याला 'फाटक' म्हणे. पण आता फाटक चाळिशीला आलं होतं आणि बिजागऱ्या गंजल्या होत्या. मागच्या सामन्यात तो वळेपर्यंत समोरच्यानं गोल मारला, मित्रांना मिठ्या मारल्या आणि परत जागेवर जाऊन उभाही राहिला.

फाटकाचा मुलगा अठरा वर्षांचा, पायात वारं भरलेला. त्याचंही नाव मॅलकीच. केरिगनांनी तीन पिढ्या एकाच नावावर भागवल्या होत्या. त्याला खेळवायचं, हे मास्तरांचं ठरलं होतं. प्रश्न एवढाच, की बापाला सांगायचं कुणी?

"घरी जाऊन सांग की. त्याला पाढे तूच शिकवलेस ना?" ऊना म्हणाली.

"तेव्हा तो माझ्या कमरेएवढा होता!"

फाटक रागावला की ओरडत नसे. नुसता जवळ येऊन उभा राहत असे. ते उभं राहणं मास्तरांच्या डोळ्यांसमोर आलं. शेवटी त्यांनी ठरवलं, कागदालाच बोलू द्यावं. यादी नियमानं आयरिश भाषेतच लिहायची असे आणि त्या भाषेत धाकट्याच्या नावापुढे 'ओग' लावतात. मास्तरांनी लिहिलं: तीन, मॅलकी ओग केरिगन. मग फाटकाचा मान राखायला राखीव खेळाडूंत लिहिलं: सतरा, मॅलकी केरिगन. कागद क्लबच्या चिटणीस अट्रॅक्टाबाईंकडे दिला. त्यांनी तो क्लबच्या खिडकीत चिकटवला आणि मास्तर घरी येऊन दाराला कडी घालून बसले.

शुक्रवारी शाळेत अपूर्णांक चालू असताना बाहेर ट्रॅक्टर थांबला. खिडकीत अंधार झाला. फाटक आलं होतं.

"मुलांनो," मास्तर क्षीण आवाजात म्हणाले, "पुढचं गणित तुम्ही तुमचं सोडवा."

व्हरांड्यात फाटक जवळ येऊन उभं राहिलं. मास्तरांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा समोर टॉवेलात गुंडाळलेला, रूबार्बच्या आंबट देठांचा घरी भाजलेला टार्ट होता.

"मास्तर, तुम्ही विसरला नाहीत!" फाटकाचा आवाज जड झाला होता.

"काय विसरलो नाही?"

"मला ओग म्हणणं! हजेरी घेताना तुम्ही आयरिशमधून पुकारायचात, मॅलकी ओग! बाबा मॅलकी, म्हणून मी ओग. तीस वर्षांनी कुणी तरी मला धाकटा म्हणालं हो!"

मास्तरांनी चाचपडत विचारलं, "आणि सतरा नंबर..."

"बाबा! त्रेसष्टाव्या वर्षी राखीव! खिडकीसमोर उभं राहून रडले म्हातारबुवा. आजपासून धावायला लागलेत."

"फाटका, जरा ऐक, त्याचं असं आहे..."

"काही बोलू नका मास्तर," म्हणत त्यानं मास्तरांच्या खांद्यावर थाप मारली. मास्तर दोन पायऱ्या खाली गेले.

शनिवारी त्यांनी अट्रॅक्टाबाईंना गाठलं. "बाई, यादीत बदल करायचाय."

"करा की. रेफ्रीच्या हातात उद्या द्यायचीय."

"पण केरिगनांना सांगणार कोण?"

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मी निवडला का संघ? आणि म्हाताऱ्याला तर मी मुळीच सांगणार नाही. आत्ताच चढावरून धावत गेला. मी 'सावकाश' म्हणाले, तर मला म्हणतो, 'बाजूला हो पोरी.' मी एकसष्टची आहे, मास्तर!"

परत येताना शाळेच्या भिंतीवर चेंडू आदळल्याचा आवाज आला. फाटकाचा मुलगा, धाकटा मॅलकी, एकटाच खेळत होता. मास्तरांना पाहून त्यानं चेंडू काखेत धरला.

"मास्तर, एवढंच सांगा. माझं काय चुकलं?"

मास्तर आयुष्यभर मुलांना सांगत आले होते, की चुकलेलं गणित लपवू नये, पुढे आणावं, मग ते सुटतं. आता त्या मुलापुढे त्यांना मान वर करवेना.

"तुझं नाही रे बाळा चुकलं. उद्या बूट घेऊन ये."

रविवारी कपडे बदलायच्या खोलीत तीन मॅलकी एका ओळीत बसून नाड्या बांधत होते. मास्तर फाटकाला कोपऱ्यात घेऊन गेले. त्यांनी एका दमात सांगून टाकलं, "ओग म्हणजे तू नव्हेस, तुझा मुलगा. आणि सतरा तू. तुला आता वळता येत नाही. तोंडावर सांगायला मी घाबरलो. चूक माझी."

फाटक जवळ आलं. अगदी जवळ. मास्तरांची पाठ भिंतीला लागली.

"म्हणजे मी सुटलो?" फाटक कुजबुजलं.

"अं?"

"तीन वर्षं झाली मास्तर! दोन्ही गुडघे गेलेत. सामना झाला की दर सोमवारी मला ट्रॅक्टरवर चढायला बायको मागून ढकलते. पण तुम्हाला सांगायचं कसं? तुमच्यासमोर आलं, की अजून मला सातचा पाढा आठवत नाही. ओग पाहून बरं वाटलं, हे खरं. पण रात्रभर झोप नाही. वाटलं, माझ्यावर धावून येणारा तो ड्रमीनचा पोरगा मला आज मारणार!"

त्यानं तीन नंबरची जर्सी काढून मुलाच्या डोक्यातून घातली. "जा. फाटक आता तू," म्हणाला आणि पाण्याच्या बाटल्या उचलायला लागला.

मास्तरांनी सुटकेचा निःश्वास सोडला, तोच फाटकानं त्यांची बाही धरली.

"बाबांचं मात्र तुम्हीच सांगा हं. मला भीती वाटते."

सतरा नंबरची जर्सी पोटावर ताणून म्हातारे मॅलकी सीमारेषेवर गुडघे उचलत उभे होते. तरुणपणी मास्तर त्यांच्याच हाताखाली खेळले होते.

"कॅप्टन, जरा बोलायचं होतं..."

"बोलू नकोस फर्गल. कितव्या मिनिटाला उतरवतोस ते सांग."

मास्तरांनी तोंड उघडलं. म्हाताऱ्यानं नुसतं पाहिलं. मास्तरांनी तोंड मिटलं.

"गरज पडली तर, कॅप्टन."

"पडेल," म्हातारा म्हणाला.

किलब्रॅक दोन गुणांनी जिंकलं आणि धाकट्यानं ड्रमीनच्या पोराला एकदाही गोलकडे फिरकू दिलं नाही. हे सगळं मास्तरांना घरी जाताना ऊनाकडून कळलं. म्हातारा मैदानात शिरू नये म्हणून त्यांनी तासभर कॅप्टनच्या जर्सीचं टोक मागून दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं आणि त्या रुंद पाठीपलीकडचं त्यांना काही म्हणता काही दिसलं नव्हतं.