वाचनमंडळात लेखकाचं निधन

चौथीच्या बाईंनी मोठ्या बाईंना तोंडावर सांगून टाकलं होतं, "आवाज होणारच. पुस्तकावर बोलायचं तर तोंड उघडावं लागतं."

मोठ्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "आवाज ऑफिसपर्यंत आला तर तुमचं वाचनमंडळ बंद."

"मग ऑफिसचं दार लावून घ्या," असं म्हणून बाई तडक वर्गात आल्या.

बेत पक्का होता. सहा-सहा मुलांचे चार गट. एकाने प्रश्न काढायचे, एकाने अवघड शब्द शोधायचे, एकाने चित्र काढायचं आणि मग सगळ्यांनी मिळून बोलायचं. बाईंनी मधे तोंड घालायचं नाही. यातली खरी गोम एकट्या बाईंना ठाऊक होती. तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची. शाळा सुरू होऊन पाच महिने झाले तरी तिने हजेरीला हात वर करण्यापलीकडे काही केलं नव्हतं. वर्ग तिला मौनी म्हणायचा. तिला बोलतं करायचं, एवढ्यासाठी हा सगळा उपद्व्याप होता.

अडचण एकच आली. लायब्ररीत तीनच पुस्तकांच्या सहा-सहा प्रती निघाल्या. चौथ्या गटाला काय द्यायचं? बाईंनी घरी कपाट उघडलं आणि स्वतः लिहिलेली गोष्ट काढली, 'कधीही खोटं न बोलणारी खार'. तिच्या सहा प्रती काढल्या आणि लेखकाचं नाव विनयाने गाळलं. मुलांनी गोष्ट डोक्यावर घेतली की मग हळूच सांगू, असा विचार होता.

मौनी नेमकी त्याच गटात होती.

शुक्रवारी चौथा तास सुरू झाला. वर्ग मधमाश्यांच्या पोळ्यासारखा घुमू लागला. बाई चौथ्या गटामागे उगाच कपाट आवरत उभ्या राहिल्या. गटातल्या प्रश्न काढणाऱ्या मुलीला सगळे वकील म्हणत. तिने विचारलं, "खार तुम्हाला कशी वाटली?"

चौघांनी कागदात डोकी खुपसली. मग एक बारीक, घोगरा, न वापरलेला आवाज आला.

"खोटी वाटली."

बाईंच्या हातातला खडूचा डबा निसटता निसटता राहिला. मौनी बोलली होती!

"अशी खार नसते," मौनी पुढे म्हणाली. "सगळ्या प्राण्यांना उपदेश करते. मी त्या जंगलात असते तर घर बदललं असतं."

पाच महिन्यांचं साठलेलं बोलणं धरण फुटावं तसं बाहेर पडलं. कोल्हा उगाच रडतो, सिंह तर अगदीच बावळट आहे आणि शेवटचं पान काढून टाकलं तरी चालेल. बाकीचे पाच जण माना डोलवत होते. बाईंना आनंदाने हसावं की कोपऱ्यात जाऊन रडावं, ते समजेना.

"आपण लेखकाला पत्र लिहू," वकील म्हणाली. "बाई, लेखकाचा पत्ता?"

बाईंच्या तोंडून निघून गेलं, "लेखक... आता नाहीत."

"अरेरे," चित्र काढणारा म्हणाला. "पण एका अर्थी बरं झालं. त्यांना वाईट वाटलं असतं."

वकिलाने सगळा वर्ग उठवला. दोन मिनिटं शांत उभं राहायचं ठरलं. चोवीस मुलं माना खाली घालून उभी राहिली आणि स्वतःच्या श्रद्धांजलीला बाईही उभ्या राहिल्या.

इतकी शांतता ऐकून मोठ्या बाई धावतच आल्या. "कोण गेलं?"

"या गोष्टीचे लेखक," मौनीने कागद पुढे केला.

मोठ्या बाईंनी दोन ओळी वाचल्या. "ही तर शाळेच्या वार्षिकासाठी आली होती, मीच परत केली होती." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "लेखक गेले म्हणता?"

बाईंचे कान तापले. पण माघार घ्यायची नाही, असं त्यांनी ठरवलं. "मीच लिहिलीय. मुलांना खोटं सांगितलं, ते चुकलं. पण मोठ्या बाई, ही मुलगी आज बोलली. माझ्या गोष्टीची सालटी काढली तरी चालेल, मंडळ बंद होणार नाही."

मोठ्या बाईंनी मौनीकडे पाहिलं. "ही बोलते?"

"हो," मौनी म्हणाली. "बाई, तुम्ही आत्ता खोटं बोललात ना, तसं खारीला बोलू द्या. मग गोष्ट बरी होईल."

मोठ्या बाईंच्या ओठांचा कोपरा हलला. "चालू ठेवा. मात्र पुढची पुस्तकं मी निवडणार."

"नाही," बाई म्हणाल्या. "मुलं निवडतील."

मोठ्या बाईंनी ऑफिसात जाऊन दार लावून घेतलं. बाई विजयी मुद्रेने वर्गाकडे वळल्या. "सांगा, पुढच्या शुक्रवारी कसं पुस्तक हवं?"

चौथ्या गटाने डोकी एकत्र केली. वकिलाने उभं राहून निर्णय वाचला.

"छापलेलं. आणि लेखक खरोखर गेलेला. म्हणजे मोकळेपणाने बोलता येतं."