शेत बघितल्याशिवाय भाजी न्हाय

आमच्या शेजारच्या हिराकाकू भाजीवाल्याला भाव विचारत नाहीत. विचारतात, "शेत कुठं हाय तुझं?" तो बिचारा "मार्केटची भाजी आहे" म्हणाला की जुडी परत गाडीवर. "मार्केटमदी काय पिकतं रे? हमाल?"

भिवंडीत राहून असला हट्ट म्हणजे कमालच म्हणायची. आम्ही ड्युटीवरून येताना मिळेल ती मेथी उचलतो, आणि ह्या आधी शेत बघणार. एकदा गणेशपुरीकडच्या एका भेंडीवाल्याच्या टेम्पोत बसून खरंच त्याच्या गावी गेल्या. संध्याकाळी एसटीनं परतल्या त्या त्याच्या आईशी मैत्री जोडूनच. "शेणखत हाय. बांधावर बसून जेवले. आता खाईन."

मी म्हटलं, "काकू, हल्ली सेंद्रिय भाजी पाकिटात मिळते. वर शिक्का असतो."

"शिक्क्याला माती लागलेली असती का गो?"

पुढं तो भेंडीवाला यायचा थांबला. मग पडघ्याची यमुना तेवढी पसंतीची उरली, कारण तिच्या शेतात काकूंनी स्वतः बसून खुरपणी केली होती. यंदा यमुनाही यायची बंद झाली. तिचं शेत गोडाऊनला गेलं होतं. झालं, काकूंनी भाजीच सोडली. दोन्ही वेळा डाळभात. चालताना भिंत धरायला लागल्या. डॉक्टर रागावले, पुण्याहून मुलगा फोनवर रागावला, मी तर रोजच रागवायचे. ऐकतील तर शपथ.

शेवटी मी वैतागून मोबाईलवरून सेंद्रिय पालक मागवला आणि त्यांच्या ओट्यावर नेऊन आपटला. "हा खायचा. नाहीतर मी या घरात पाऊल टाकणार नाही."

काकूंनी चष्मा लावला. मला वाटलं शिक्का बघताहेत, पण त्या खालचा पत्ता वाचत होत्या. कुठलंसं गोडाऊन, मारुतीच्या देवळामागे, पूर्णा गाव, ता. भिवंडी.

त्या हळूच खाली बसल्या.

"देवळामागं आमचंच शेत व्हतं," त्या म्हणाल्या. "पालकाचा वाफा माझा. बापानं मला दिलेला, लग्नाआधी. भावांनी जमीन इकली, गोडाऊन झालं, तवापासून मी माहेरी गेलेच न्हाय. काय बघायला जायचं, पत्रे?"

हा पालक तिथं पिकलेला नाही, तिथं फक्त पाकिटात भरलाय, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण काकूंना ते माझ्याहून चांगलं कळत होतं. मला फार वाईट वाटलं. मी गुपचूप पालक निवडायला घेतला.

दुसऱ्या दिवशी विचारलं, "कसा झाला होता?"

"बेचव. मातीचा वासच न्हाय." काकूंनी रिकामं पाकीट धुऊन दोरीवर वाळत घातलं होतं. त्याची घडी घालत म्हणाल्या, "पन पुढल्या येळी मागवशील ना, तवा तिथूनच मागव. दुसरीकडचा मला नको."