तिसरं डोकं

"बावीस वर्षं! बावीस वर्षांत माझ्या कारखान्यात एकाचं बोटसुद्धा कापलं गेलेलं नाही. आठशे माणसं सांभाळतो मी. साडेचार वर्षांची एक पोर सांभाळायची म्हणजे काय मोठंसं?"

सकाळी आठ वाजता, परदेशातल्या त्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, स्टुलावर उभं राहून शिट्टीसाहेबांनी हे जाहीर केलं. ते कारखान्यात सुरक्षा अधिकारी. शिट्टी सदैव गळ्यात, म्हणून हे नाव. लग्नाच्या फोटोतही ती दिसते!

"ती आठशे माणसं पगार घेऊन तुमचं ऐकतात," बायको म्हणाली. "आणि आधी मला दूध काढून द्या. तुम्ही फ्रिजला लावलेलं कुलूप माझ्याच्याने उघडत नाहीये."

एक अख्खी बॅग भरून कड्या, कुलपं आणि टेबलांच्या कोपऱ्यांना चिकटवायचे स्पंजचे तुकडे साहेबांनी सोबत आणले होते. त्यासाठी बायकोचे चार ड्रेस घरी राहिले. खिडक्यांना कुलपं, खणांना कुलपं. पोर एकटी बाथरूममध्ये जाऊन घसरू नये म्हणून त्या दाराला बाहेरून वरती खटक्याची कडी, आणि दार उघडं राहू नये म्हणून वर स्प्रिंग. दार सुटलं की खट्‌!

हसू नका. सहा वर्षं वाट पाहिली होती दोघांनी. सहा वर्षं अर्ज, फोटो, मुलाखती. आता इथल्या बालगृहातून लेक मिळणार होती, पण आजच्या दिवसावर सगळं अडलं होतं. दुपारी चार वाजता बालकल्याण खात्याच्या अधिकारीबाई येणार. घर पाहणार, मुलगी पाहणार. पटलं तर सही. नाही पटलं तर मुलगी त्यांच्यासोबत परत!

दहा वाजता बालगृहातल्या ताईंनी लेकीला आणून सोडलं. पाठीवर लाल पिशवी, तोंडातून शब्द नाही. थेट बायकोच्या कुशीत शिरली. साहेब पुढे झाले. त्यांनी तिच्या भाषेतली चाळीस वाक्यं पाठ केली होती. त्यातलं पहिलं म्हटलं, "घाबरू नकोस, मी तुझा बाबा आहे."

लेक सोफ्यामागे जाऊन लपली.

दुसरं वाक्य, तिसरं वाक्य. सोफ्यामागून फक्त दोन डोळे. साहेबांना वाईट वाटलं. आठशे माणसं ज्यांना सलाम करतात, त्यांच्याकडे ही टीचभर पोर ढुंकून बघेना! जेवतानाही ती ताट घेऊन बायकोच्या पलीकडे बसली. मग साहेबांनी फ्रिजचं कुलूप उघडलं, ते तिने एकदाच पाहिलं, आणि पाच मिनिटांनी स्वतः उघडून दही खात बसली. बायको हसून लोटपोट झाली.

"आता ड्रिल घेऊ," साहेब म्हणाले.

"कसलं ड्रिल?"

"आगीचं. नवीन माणूस आला की पहिल्याच दिवशी बाहेर पडायची वाट दाखवायची. नियम आहे."

"अहो, तिला श्वास तरी घेऊ द्या! आग लागलीये का कुठे?"

"आग काय विचारून लागते?" असं म्हणून त्यांनी शिट्टी फुंकली.

आणि काय सांगू! लेक ताडकन उठली. बूट चढवले, पिशवी पाठीला लावली, बायकोचा हात धरला आणि तिला ओढत दाराबाहेर, तीन जिने उतरून थेट अंगणातल्या झाडाखाली! बालगृहात हे रोजचंच होतं. शिट्टी झाली की झाडाखाली रांग, मग मोठ्या ताई एकेकाच्या डोक्यावर टपली मारून मोजणार, आणि मोजणी पुरी होईपर्यंत कुणी जागचं हलणार नाही. नवराबायकोने आधीच्या भेटीत ते पाहिलं होतं. शिट्टीसाहेबांना तर तेव्हाच ही मुलगी आपली वाटली होती.

"याला म्हणतात शिस्त!" साहेब रिकाम्या हॉलला म्हणाले. आता सुरक्षा अधिकाऱ्याने सगळ्यात शेवटी निघायचं, प्रत्येक खोली तपासून. हाही नियमच. स्वयंपाकघर तपासलं. झोपायची खोली तपासली. बाथरूममध्ये शिरून पडद्यामागे डोकावले.

खट्‌!

फोन हॉलमध्ये. फ्लॅटची एकुलती एक किल्लीही तिथेच. फ्लॅटचं दार बायकोमागे आपोआप बंद झालेलं. आणि कडी अशी पक्की, की बसवताना त्यांनीच म्हटलं होतं, "हत्ती आला तरी उघडणार नाही."

बाथरूमला एक खिडकी होती. ती एवढीशी म्हणून सुटली होती. तिला तेवढं कुलूप नव्हतं. साहेबांनी त्यातून डोकं आणि एक हात बाहेर काढला.

"अहो, झालं का? येऊ का वर?" खालून बायको ओरडली.

"अगं, मी अडकलोय!"

"कुठे?"

"बाथरूममध्ये! माझ्याच कडीत!"

बायकोने कपाळावर हात मारला. साहेबांनी मदतीसाठी शिट्टी फुंकली, पुन्हा पुन्हा फुंकली. लेक झाडाखाली आणखी ताठ उभी राहिली. पटापट खिडक्या उघडल्या. समोरच्या म्हाताऱ्या आजोबांनी पाहिलं, एक लालबुंद माणूस खिडकीत लटकतोय, शिट्टी वाजवतोय. त्यांनी अग्निशमन दलाला फोन केला.

चारला पाच कमी असताना बंब आला. जवानांनी खालून काहीतरी विचारलं. काही धोका नाही, हे साहेबांना सांगायचं होतं, पण ते चाळीस वाक्यांत नव्हतं! मग जे होतं ते त्यांनी सांगितलं.

"घाबरू नकोस, मी तुझा बाबा आहे!"

जवानांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तुला भूक लागली आहे का? चल, हात धुऊया!"

जवानांनी शिडी जरा घाईनेच लावली.

आणि बरोब्बर चार वाजता फाटकातून अधिकारीबाई आत आल्या. हातात फाइल. त्यांनी बंब पाहिला, शिडी पाहिली, खिडकीतलं डोकं पाहिलं. मग त्या झाडापाशी गेल्या आणि लेकीचा हात धरून आपल्या गाडीकडे वळल्या.

"थांबा हो, थांबा," एवढंच बायको आपल्या भाषेत म्हणत राहिली. वर खिडकीत साहेबांची शिट्टी बंद पडली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना काय करायचं ते सुचेना. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि एका हाताने चौकट धरलेली, दुसरा हात आत, मग पुसणार कशाने!

पण लेक हलेना! बाईंनी ओढलं, समजावलं. लेकीने हात सोडवून घेतला आणि पुन्हा झाडाखाली गेली. बायकोला खाली वाकायला लावून तिच्या डोक्यावर टपली मारली. एक. मग स्वतःच्या डोक्यावर. दोन. मग वर खिडकीकडे बोट दाखवलं, आणि सकाळपासून न फुटलेला शब्द फुटला, अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असा, "तीन!"

तीन पूर्ण झाल्याशिवाय ती कुठेही जाणार नव्हती. नियम म्हणजे नियम!

अधिकारीबाई फाइल उघडून तिच्याशेजारी उभ्या राहिल्या. हॉलच्या खिडकीचं कुलूप तोडायला जवानांना वीस मिनिटं लागली. शेवटी साहेब जिन्याने खाली आले, पायात नुसते मोजे, चेहरा पडलेला. लेकीने बोटाने खूण केली. ते तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. टप्प! तीन. मग तिने त्यांच्या गळ्यातली शिट्टी काढून आपल्या गळ्यात घातली, कारण मोजणी करणाऱ्याकडे शिट्टी असते.

साहेबांनी तिला जवळ घेतलं. या वेळी ती लपली नाही.

बाईंनी तिथेच, बंबाला टेकून, अहवाल लिहिला आणि दोघांना समजेल अशा भाषेत, सावकाश वाचून दाखवला: "मुलगी आईवडिलांकडेच राहील. ती कुटुंबाची नीट काळजी घेते. घरातली सर्व कुलपं आजच काढावीत. वडिलांना बाथरूममध्ये एकटं सोडू नये."

"हे शेवटचं जरा जास्तच होतंय," साहेब उसळून म्हणाले. "बावीस वर्षं मी..."

तेवढ्यात मागून शिट्टी वाजली. साहेब मुकाट्याने रांगेत उभे राहिले.