तिसऱ्या काट्याची चोरी

घड्याळजींना कॉपीराइटचे नियम पाठ होते. निदान त्यांचं तसं म्हणणं होतं. ज्या कंपनीच्या जागेवर त्यांची साइट होती, तिने साइट चालवणाऱ्यांसाठी चौदा पानांचे नियम लिहून ठेवले होते, आणि ते शेवटपर्यंत वाचलेला जगात आपण एकटेच, असं ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. पट्टा बदलायला आलेल्या माणसाला पट्ट्याबरोबर दोन-तीन कलमंही घेऊन जावी लागत.

साइटचं नाव 'तिसरा काटा'. घड्याळ कसं उघडायचं, कसं पुसायचं, रुसून बसलेलं कसं चालू करायचं, यावर तिथे अकरा वर्षांत दोनशे अकरा लेख जमले होते. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. दुपारी गिऱ्हाईक नसलं की घड्याळजी खुर्चीत रेलून सांगत आणि बायको कॉम्प्युटरवर उतरवून घेई. घड्याळजींना टाइप करता येत नव्हतं. एका बोटाने येत होतं, पण बायको त्याला टाइप करणं म्हणत नसे. लेख साइटवर चढला की ते तो पुन्हा उघडून बघत नसत. "आपलंच लिहिलेलं आपण काय वाचायचं," असं म्हणून ते पुढच्या घड्याळाला हात घालत.

एकदा सहज फोनवर त्यांनी आपल्या साइटचं नाव शोधलं, तर एकाऐवजी दोन साइट समोर आल्या. एक आपली, 'तिसरा काटा'. दुसरी, 'तिसऱ्या काट्याची वही', तीही त्याच कंपनीच्या जागेवर.

त्यांनी ती वही उघडली आणि त्यांच्या हातातला चिमटा खाली पडला. तेच लेख, तीच नावं, तोच क्रम. दोनशे अकराच्या दोनशे अकरा! वर कहर म्हणजे घड्याळजींच्या साइटला वाचक बेचाळीस, त्यांतले निम्मे नात्यातले, आणि या चोराला तीन हजार. खाली लोकांनी लिहिलेलं: 'वा', 'किती सोपं करून सांगता', 'वाचताना हसू आवरलं नाही'.

"हसू?" घड्याळजी स्वतःशीच म्हणाले. आपण हसण्यासारखं काही सांगितल्याचं त्यांना आठवेना. मग ते एकेक लेख वाचत सुटले. मजकूर उत्तम होता. आपलाच असल्यामुळे तो उत्तम असणार, यात त्यांना काही नवल वाटलं नाही. पण भिंतीवरच्या घड्याळाच्या लंबकावरच्या लेखात शेवटी दोन ओळी होत्या, त्या वाचून मात्र त्यांच्या अंगावर काटा आला.

'हे सांगताना लेखक अर्धा तास चष्मा शोधत होते. चष्मा कपाळावर होता.'

हे खरं होतं. ही गोष्ट याच खोलीत घडली होती, आणि तेव्हा इथे ते आणि त्यांची बायको सोडून तिसरं कोणीही नव्हतं. म्हणजे चोर नुसता चोर नव्हता. तो घरात बघत होता.

कॅमेरा लपवायला घड्याळासारखी जागा नाही, हे घड्याळजींना कोणी सांगायची गरज नव्हती. पुढच्या पंधरा मिनिटांत दुकानातल्या सदतीस घड्याळांवर टॉवेल, नॅपकिन, उशांचे अभ्रे आणि एक जुना स्वेटर चढला. बायको चहा घेऊन आली ती दारातच थबकली.

"अहो, हे काय?"

घड्याळजींनी ओठांवर बोट ठेवलं आणि पावतीपुस्तकाच्या पाठीवर लिहून दाखवलं: 'बोलू नकोस. नंतर सांगतो.'

बायकोने चहा ठेवला आणि दोन मिनिटं त्यांच्याकडे टक लावून बघितलं. डॉक्टरांना आत्ताच दाखवावं की उद्यापर्यंत वाट बघावी, एवढाच तिच्यापुढे प्रश्न होता. पण घड्याळजींनी चहा नेहमीसारखाच आवाज करत प्यायला, तेव्हा तिने तूर्त थांबायचं ठरवलं.

घरातून बोलणं धोक्याचं, म्हणून त्यांनी कोपऱ्यावर जाऊन मेहुण्याला फोन लावला. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तो वकील होता. आयुष्यभर त्याने जमिनीच्या हद्दीचे तंटे लढवले होते, पण शिव्या न वापरता शिवीगाळ करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

"भाऊजी, असल्याला सोडायचं नाही," मेहुणा म्हणाला. "तक्रार मी सांगतो तशी लिहा. घ्या. 'सदर इसम निर्लज्ज, ऐतखाऊ आणि दुसऱ्याच्या संसारात डोकावणारा असून...' घेतलंत?"

"संसारात छान आहे," घड्याळजी म्हणाले.

"ताईला सांगितलंत?"

"नाही. ती घाबरेल. निकाल लागला की सांगतो."

एका बोटाने ती तक्रार भरायला त्यांना दोन दिवस लागले. मजकूर चोरल्याचा एक फॉर्म कॉपीराइटचा, आणि नाव चोरल्याचा दुसरा ट्रेडमार्कचा. दुसऱ्यात 'नोंदणी क्रमांक' असा रकाना होता. साइटवर ज्या जुन्या घड्याळाचं चित्र होतं, त्याच्या पाठीवर कोरलेला क्रमांक त्यांनी तिथे घातला. 'हे चिन्ह कधीपासून वापरात आहे' यापुढे त्या घड्याळाचं वर्ष लिहिलं. म्हणजे ट्रेडमार्क त्यांच्या जन्माच्या एकतीस वर्षं आधीपासून त्यांच्या वापरात होता. कॉपीराइटच्या फॉर्मखाली 'हा मजकूर शब्दन् शब्द माझा आहे, हे मी शपथेवर सांगतो' अशी चौकट होती. तिच्यात त्यांनी इतक्या जोरात खूण केली की फोन हातातून निसटला.

चौथ्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं. ट्रेडमार्कची तक्रार त्यांनी दोन ओळींत फेटाळली होती. पण कॉपीराइटच्या तक्रारीवरून 'तिसऱ्या काट्याची वही' बंद करण्यात आली होती.

घड्याळजींनी सगळे टॉवेल उतरवले. "आज एका चोराचं दुकान बंद पाडलं," ते बायकोला म्हणाले, आणि सगळी हकीकत तिखटमीठ लावून सांगितली.

बायको भाजी निवडत होती. तिचा चेहरा सकाळपासून उतरलेला होता, पण ते बघायला घड्याळजींना सवड नव्हती.

"तक्रार केली की ती समोरच्याला पाठवतात का हो?" तिने विचारलं. "करणाऱ्याच्या नावासकट?"

"कलम सहा. अख्खी पाठवतात. कळू दे ना त्याला, गाठ कोणाशी आहे ते."

"कळलं असेल," बायको म्हणाली.

त्यानंतरचे तीन दिवस ती जेवायला वाढण्यापुरतं बोलली. दुपारी कॉम्प्युटरसमोर बसायची, पण घड्याळजी सांगायला लागले की "आज हात दुखतोय" म्हणायची. मग कंपनीचं दुसरं पत्र आलं. समोरच्या पक्षाने उलट दावा केला होता: मजकूर आपलाच आहे, तक्रारदाराने तो आपल्याकडून घेतला आहे. नियमाप्रमाणे त्या पक्षाचं नाव आणि पत्ता खाली दिला होता.

घड्याळजींनी पत्ता वाचला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ते धावत आत गेले.

"अगं, त्या नालायकाने आपला पत्ता चोरलाय! आणि नाव कोणाचं लावलंय माहीत आहे? तुझं!"

बायकोने भांडं घासून पालथं ठेवलं आणि हात पुसले.

"माझं नाव मीच लावलंय," ती म्हणाली.

घड्याळजी स्टुलावर बसले. स्टूल तिथे नसतं तरी ते बसलेच असते.

"निर्लज्ज मला कोण म्हणालं?" बायकोने विचारलं.

"ते तुझ्या भावाचं आहे."

"आणि ऐतखाऊ?"

"तेही त्याचंच. मी फक्त 'संसारात' ठेवूया म्हटलं."

बायको समोर बसली. "तुम्ही काय सांगता, ते कधी ऐकलंय? 'मागचं झाकण काढायचं. तेल घालायचं. लावून टाकायचं.' झाला लेख! यावर लोकांनी काय करायचं? मी तुमच्या हातांकडे बघत बसायचे. कुठला स्क्रू आधी, कुठे श्वास रोखता, कुठे स्वतःवर चिडता. ते वहीत लिहायचे, चार वेळा खोडायचे, मग तो लेख आधी माझ्या साइटवर, आणि तुमच्या गमती गाळून तुमच्या साइटवर. अकरा वर्षं. तुम्ही ते एका बोटाने बंद पाडलंत."

घड्याळजींना फार वाईट वाटलं. पण शपथेवर खूण केलेला माणूस इतक्यात माघार घेत नाही.

"मूळ सांगणारा मी आहे," ते म्हणाले. "मी स्वतः बसलो तर तस्सा लेख लिहीन."

"लिहा," बायको म्हणाली आणि कॉम्प्युटरसमोरची जागा त्यांना मोकळी करून दिली.

तासाभराने पडद्यावर लिहिलेलं होतं: 'गजराच्या घड्याळाची दुरुस्ती. मागचं झाकण काढावे. तेल घालावे. लावून टाकावे.' घड्याळजींनी ते वाचलं. मग बायकोने जपून ठेवलेल्या कागदी वहीतला याच विषयावरचा लेख वाचला. तो वाचताना त्यांना स्वतःचे हात दिसले. आपण इतकं हळुवार काम करतो, हे त्यांना कोणी कधी सांगितलं नव्हतं.

त्यांनी त्याच दिवशी तक्रार मागे घेतली. वही ताईची निघाल्याचं कळताच मेहुण्याचा फोन आला, "भाऊजी, मसुदा माझा होता हे ताईला सांगू नका." ते म्हणाले, "पहिलं तेच सांगितलं." मेहुण्याने फोन ठेवून दिला.

वही पुन्हा उघडली, पण भानगड संपली नाही. कंपनीने दोन्हीकडच्या तारखा ताडून पाहिल्या. प्रत्येक लेख आधी वहीत आणि दोन दिवसांनी 'तिसरा काटा'वर. तेव्हा चोर कोण, हे उघड होतं. मूळ लेखिकेची लेखी परवानगी दहा दिवसांत न आल्यास 'तिसरा काटा' कायमचा बंद होणार होता.

"परवानगी दे ना," घड्याळजी म्हणाले.

"आधी मागणारा फॉर्म भरतो. नियम आहे," बायको म्हणाली. "पाठ असेल तुम्हाला."

घड्याळजी बायकोच्या कॉम्प्युटरवर, बायकोला पाठवायचा अर्ज लिहायला बसले. 'परवानगी का हवी' या रकान्याशी ते पूर्ण दुपार अडून राहिले. शेवटी एका बोटाने त्यांनी लिहिलं:

'मला घड्याळ दुरुस्त करता येतं. ते कसं केलं हे मला सांगता येत नाही. हे दोनशे अकरा लेख माझ्या बायकोने लिहिले आहेत. मी समजत होतो की ती माझं उतरवून घेते. ती मला उतरवून घेत होती. परवानगी दिलीत तर साइटवर तिचं नाव वर घालीन आणि माझं खाली. नाही दिलीत तरी घालीन.'

बायकोने ते उभ्यानेच वाचलं. मग खुर्ची ओढून बसली आणि पुन्हा वाचलं. पदराने डोळे पुसत तिने परवानगीचं बटण दाबलं.

"यातला एकही शब्द बदलायला नको," ती म्हणाली. "हे मी वहीत टाकू का? तुमच्या नावाने?"

"टाक," घड्याळजी म्हणाले, आणि लेखक म्हणवून घेतल्यापासून पहिल्यांदा ते खरोखर लाजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चहाच्या आधी वही उघडली. आपलं लिहिलेलं वाचायला नाही, लोकांनी काय म्हटलं ते बघायला. खाली एकशे सोळा जणांनी लिहिलं होतं. पहिल्याने म्हटलं होतं: 'डोळ्यांत पाणी आलं. पण बाई, हे तुम्हीच लिहिलंत, उगाच त्यांच्या नावावर खपवू नका.' बाकीच्या एकशे पंधरांनी त्याला दुजोरा दिला होता.

"अगं, पण हे खरंच मी लिहिलंय," घड्याळजी म्हणाले.

"मला माहीत आहे हो," बायको म्हणाली. "पण पुरावा काय?"